तंबोऱ्याची आतली बाजू

फार वर्षांपूर्वी, राजे स्वतः गाणे ऐकायला बसत त्या काळी, एका दरबारात एक जुना तंबोरा होता. त्यावर ना नक्षी, ना घडवणाऱ्याचे नाव. पण तो छेडला की भरलेला दरबार गप्प होई.

एके दिवशी त्याची तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी पाटी, खचली. आवाज गेला. त्या राज्यात रीत होती. वाद्य ज्या घराने घडवले, दुरुस्तीही त्याच घराने करायची. राजाने दवंडी पिटवली, "ज्या घरचा हा तंबोरा, त्यांनी यावे. पुढे दरबारची सगळी वाद्ये तेच घर करील."

दोघे आपापल्या घरचा एकेक तंबोरा घेऊन आले. एक पेठेतला नावाजलेला कारागीर. त्याच्या तंबोऱ्यांवर हस्तिदंती वेली असत. दुसरी नदीकाठची एक विधवा. सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली. बाईने केलेला तंबोरा नको म्हणून गिऱ्हाईक परत जाई. हे काम हुकले, तर तिला दुकान मोडावे लागणार होते.

कारागीर म्हणाला, "महाराज, असा आवाज आमच्याच घरचा. बाई, तुम्ही जा. चूल खोळंबली असेल."

"स्वयंपाक उरकून आलेय, दादा," ती म्हणाली. "महाराज, आमच्या घरी भोपळा आतूनही घासतात. सांध्यांना आतून रेशमी पट्टी डकवतात. हात घालून बघा."

राजाने खचलेल्या तबलीच्या फटीतून हात घातला. आत कुसळही बोटाला लागेना. पट्टी होती, आणि तिला एक सुरकुती नव्हती.

"आता तुम्ही दोघं आपापला तंबोरा उघडा," राजा म्हणाला.

कारागीर चपापला. "चांगलं वाद्य उचकटायचं? महाराज, आत कोण बघतं?"

बाईकडे विकायला एकच तंबोरा उरला होता. तिने तो मांडीवर घेतला, पटाशी लावली आणि तबली उचकटली. आत तेच घासलेले अंग, तीच पट्टी.

"आत कोण बघतं, असं मीही सासऱ्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, 'आपण बघतो.'"

कारागिराने आपल्या तंबोऱ्यावर गवसणी चढवली आणि तो निघून गेला.

बाईने जुना तंबोरा दुरुस्त केला. तो छेडताच दरबार पुन्हा गप्प झाला. राजा म्हणाला, "आता यावर तुमच्या घराचं नाव कोरा."

ती ताठ उभी राहिली. "नाव आत आहे, महाराज. बाहेर नको."

जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथलेही काम जो चोख करतो, त्याला आपले नाव सांगावे लागत नाही.