पोकळ झाडातला गोड रस

फार मागे, माणसं इथं यायच्याही आधी, माळावर भिंगरी नावाची उंदरीण राहायची. दिवसभर दाणे वेचून ती थकायची. लांबच्या ओढ्यावरून पिलांना पाणी कधी आणणार? बिळाशेजारच्या पोकळ झाडातून गोड रस पाझरायचा आणि आतून मऊ आवाज यायचा, “पाज की पोरांना. कुणी अडवलंय तुला?”

भिंगरी रोज रस पाजू लागली आणि पिलं पाण्याला तोंड लावीनाशी झाली. बघता बघता ती टम्म फुगली. शेजारणी म्हणायच्या, “काय बाळसं धरलंय गं!” भिंगरी हरखायची आणि रोज मीठ-मोहरीनं त्यांची दृष्ट काढायची.

एका तिन्हीसांजेला झाडात काहीतरी फडफडलं, तशा शेजारणी पोरं घेऊन बिळांत पळाल्या. भिंगरीची पिलं धापा टाकत आली, पण थोरल्याचं डोकं तेवढं आत गेलं, पोट बाहेरच अडकलं. भिंगरी नखांनी माती उकरू लागली.

झाडाच्या ढोलीत दोन पिवळे डोळे उघडले.

“सावकाश उकर, बाई,” घुबड त्याच मऊ आवाजात म्हणालं. “मला घाई नाही. तोवर पोरांना थोडा रस पाज.”

आणि बाकीची पिलं, रोजच्यासारखी, झाडाकडे वळली.