पुदिना निवडणारा पाहुणा

व्यापारी तांडे घाट उतरून जिथे विसावत, त्या गावी एकेकाळी एक वृद्ध, पाकनिपुण आचारी राहत असे. लोक त्याला वस्ताद म्हणत. मातीच्या भट्टीत भाजलेले त्याचे खिम्याचे गोळे आणि त्यांवरची ताजी हिरवी चटणी यांची कीर्ती दूरवर पसरलेली होती. जोत्याजी नावाचा त्याचा शिष्य आता पुष्कळ तयार झाला होता. खिमा किती मऊ वाटावा, आले-लसूण किती घालावे, गोळा फुटू नये म्हणून भाजक्या डाळीचे पीठ किती मिसळावे, हे सारे त्याच्या बोटांत उतरले होते.

एके दिवशी सकाळी एक प्रौढ स्त्री आपल्या भावाला घेऊन आली. भाऊ घोड्यांचा मोठा व्यापारी, हैबती नावाचा. त्याचा एकुलता एक तरुण मुलगा नदी ओलांडताना वाहून गेला होता. तेव्हापासून हैबतीने अन्नाला स्पर्श केला नव्हता. बहीण चमच्याने पाजी तेवढे दूध, बाकी काही नाही. तो बोलणेही विसरला होता.

"वैद्य झाले, देव झाले," बहीण वस्तादांना म्हणाली. "लहानपणी हा तुमच्या हातचं खायला हट्ट करायचा. आता तुम्हीच बघा. असाच राहिला तर हा पण जाईल हो."

जोत्याजीने त्या दिवशी जीव ओतला. गोळ्यांना तुपाचा हात लावून त्याने परात भट्टीत सरकवली. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू घेऊन पाचूसारखी चटणी वाटली आणि वाटी वस्तादांपुढे धरली. वस्तादांनी चाखली, मान डोलावली आणि म्हणाले, "उत्तम. ही आपल्या जेवणाला ठेव."

मग ज्यांची माती अजून धुतली नव्हती अशा पुदिना-कोथिंबिरीच्या जुड्या उचलून ते हैबतीसमोर जाऊन बसले.

"शेठ, आज हाताखाली माणूस कमी आहे. एवढा पुदिना निवडून द्याल?"

जोत्याजी लाजेने अर्धमेला झाला. दारी आलेल्या पाहुण्याला, तेही अशा दुःखितास, कामाला लावायचे! बहिणीच्या कपाळावर आठी उमटली. ती काही बोलणार, तोच वस्तादांनी डोळ्यांनीच तिला थांबवले.

हैबती बराच वेळ त्या जुड्यांकडे पाहत राहिला. मग त्याची बोटे हलली. एक पान खुडले. दुसरे खुडले. मोडलेल्या देठांचा गंध ओसरीभर पसरला. भट्टीतून तूप चुरचुरल्याचा आवाज येत होता.

"हे कोवळे देठ," हैबतीचा आवाज गंजल्यासारखा निघाला, "टाकायचे की राहू द्यायचे?"

बहिणीने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"पुदिन्याचे टाका, कोथिंबिरीचे राहू द्या," वस्ताद सहज म्हणाले आणि त्यांनी धुतलेल्या पानांवर चिमूटभर मीठ टाकून पाटा-वरवंटा त्याच्याकडे सरकवला. "आता आरंभलंच आहे, तर वाटूनही टाका."

हैबती वाटू लागला. वाटता वाटता, कोणीही स्वयंपाकी करतो तसे, त्याने बोट चटणीत बुडवून जिभेला लावले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि थबकला. आपण काय केले, ते त्याला त्या क्षणी कळले. त्याचे डोळे भरून आले. "त्याला तिखट चालायचं नाही, वस्ताद. माझ्या पोराला. त्याच्यासाठी मी मिरची काढून ठेवायचो."

"मग आजही थोडी वेगळी काढा, बिनमिरचीची," वस्ताद म्हणाले.

तांबूस गोळ्यांची वाफाळती परात बाहेर आली. हैबतीने स्वतःच्या हाताने त्यांवर चटणी घातली, एक गोळा फोडला आणि रडत रडत खाल्ला. मग दुसरा घेतला. बहीण हात धुवायला पाणी घेऊन आली, तेव्हा त्याने हात मागे घेतला. "राहू दे, आक्का. वास राहू दे थोडा."

ती दोघे गेल्यावर जोत्याजीने विचारले, "वस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं असं होईल?"

"मुळीच नाही. उठून गेला असता तर मी काय करणार होतो?" वस्ताद म्हणाले. "सगळे त्याला खा म्हणत होते. पोर गेलेल्या बापाला घास घेणं म्हणजे पोराला विसरणं वाटतं. म्हणून मी खा म्हटलं नाही, मदत मागितली. माझं काम तिथंच संपलं. पुढचं त्या पानांनी केलं. आणि एवढ्याशा पानात ते बळ कोणी ठेवलं, हे मला या वयातही समजलेलं नाही."

पाट्यावर एक चुरगळलेले पान चिकटून राहिले होते. ते जोत्याजीने अलगद उचलले आणि प्रसाद घ्यावा तसे दोन्ही तळहातांवर धरून तो कितीतरी वेळ पाहत राहिला.