बागडेसाहेबांचा खुलासा

साखर कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी बागडेसाहेब कागद कधी वाचत नसत, नुसती झोकदार सही ठोकत. तीन महिने त्यांच्या हाताखाली राबलेली ओवी इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मागायला गेली, तर गुरगुरले, “शिकलीस काय? शून्य! प्रमाणपत्र विसर.”

ओवीने आजचा पेपर पुढे केला. साहेबांच्याच सहीने गेलेली बातमी त्यात झळकत होती: ‘बागडेसाहेब आज ओवीला प्रमाणपत्र देणार आणि साऱ्या कार्यालयाला स्वतःच्या हाताने मिसळ वाढणार.’

साहेब कडाडले, “हे मी कधी म्हटलं? खुलासा काढ!”

“तयार आहे, सर.” ओवीने कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती: ‘साहेबांनी बातमी न वाचताच सही केली.’

साहेबांनी जन्मात पहिल्यांदा कागद वाचला, दोनदा वाचला. मग मुकाट्याने प्रमाणपत्रावर सही केली आणि बाह्या सरसावत विचारलं, “रस्सा कुठंय?”