एका पानाखालच्या दोघी

त्या राज्याचं आकाश म्हणजे बांबूचा मांडव. त्यावर एकच वेल, आणि वेलीला लोंबणाऱ्या दुध्या. मांडवाच्या कडेने कधीमधी माणसाचं एक बोट आत यायचं. ज्या कोवळ्या फळाकडे ते रोखलं जाई, ते तीन दिवसांत देठाकडून पिवळं पडून गळे. का, हे कुणी विचारलं नाही. शहाण्यासुरत्या दुध्या म्हणत, "तिचंच काही चुकलं असेल."

हंगाम सरताना एकाच दुधीला लाल दोरा बांधत. ती बियाणाला राखायची. दोरा मिळाला म्हणजे जीव वाचला, बाकी सगळ्या गप्पा.

सगुणा नावाच्या दुधीला तो दोरा हवा होता. हवा म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नसे तिला. तिच्या अंगाला लागून बारकी लोंबायची. दोघींवर मिळून एकच पान. बारकी भारी बोलघेवडी. "सगुणाताई, मला दोरा मिळाला ना, तर अर्धा तुला हं!"

"वेडी गं बाई," सगुणा म्हणे, आणि तिला खरंच हसू येई.

एका सकाळी बोट आलं ते या दोघींपाशीच थबकलं. सगुणाने आपल्या कुरळ्या तंतूने पान हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. एवढंच केलं तिने. बारकी उघडी पडली.

"ताई, मला ऊन का लागतंय गं?"

"गप पड. काही होत नाही."

तिसऱ्या दिवशी शेजार रिकामा झाला.

दोरा सगुणालाच मिळाला. वेल सुकली, सगुणाही वाळून टणक झाली. वारा आला की तिच्या आत काहीतरी खुळखुळायचं, आणि त्यातून ऐकू यायचं, ऊन का लागतंय गं? बिया आहेत मेल्या, दुसरं कोण असणार, असं ती स्वतःला बजावायची. तरी धास्ती जाईना. बिया काढल्या की सुटेन एकदाची, असं तिला वाटे.

बिया काढल्या. पोकळ सगुणाचा झाडांना पाणी घालायचा तुंबा झाला. आत आता कसलाच आवाज नव्हता.

पुढच्या हंगामात तिच्याच बियांची वेल मांडवावर चढली. एका सकाळी मुळाशी पाणी ओतायला कुणीतरी तिला कलतं केलं, तेव्हा तिने वर पाहिलं. दोन लेकी लगटून लोंबत होत्या, एकाच पानाखाली. आणि कडेने बोट आत येत होतं.

नको गं बाई, नको, असं तिला ओरडायचं होतं. तोंडातून नुसतं पाणी पडत राहिलं.

वर थोरलीचा तंतू हलला.

"ताई," धाकटी म्हणाली, "मला ऊन का लागतंय गं?"