अजून थोडं रक्त

“पण अप्पा, जनुकातलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे, मग गाय गाभण का राहत नाही?”

मन्मथ बिरादारने हा प्रश्न त्या दुपारी कितव्यांदा विचारला, हे संगय्या अप्पांनी मोजायचं सोडून दिलं होतं. पूर्वी ते गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवत, आणि मन्मथ त्यांचा लाडका विद्यार्थी. आता ते उदगीरकडच्या एका मठाची गुरं सांभाळत होते आणि मन्मथ मोठ्या प्रयोगशाळेतून आला होता. पोराची विद्या वाढली होती. ऐकून घेणं तेवढं आटलं होतं.

समोर शेवंती उभी होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, देखणी देवणी गाय. माजावर यायची, वळू दाखवायचे, पण पोटात काही राहायचं नाही. पुढच्या माजालाही गाभण राहिली नाही, तर तिला कळपातून काढायचं मठाच्या पंचांनी ठरवलं होतं. तिला वासरापासून वाढवणाऱ्या अप्पांना रात्रंदिवस तोच घोर लागला होता.

“बीज सुटायचं तर ऐन माजात एक हार्मोन वाढायला पाहिजे,” मन्मथ म्हणाला. “त्याचं जनुक मी पुन्हा पुन्हा वाचलं. चूक नाही. म्हणून आता माजावर आली की दर तासाला रक्त घेतो.”

“अन् मग वाढतं?”

“नाही.”

“मग काय करतोस?”

“पुढच्या माजाला आणखी जास्त वेळा घेतो.”

अप्पांनी कपाळाला हात लावला.

मन्मथने पिशवीची चेन ओढली. त्या आवाजासरशी शेवंती मागे सरकत भिंतीला जाऊन चिकटली. तिच्या मांड्या थरथरत होत्या.

“अप्पा, जरा धरा तिला. अजून थोडं रक्त लागेल.”

“तू झोपतोस का रे नीट?”

“कुठली झोप! हिच्या काळजीनं डोळ्याला डोळा लागत नाही.”

“का लागत नाही?”

“अहो, ते कळलं असतं तर...” मन्मथ वैतागला. “अप्पा, गाईचं बोला ना!”

“आधी तुझं बघू. नीज तिथं कडब्यावर.”

गुरूपुढे बोलायची सोय नव्हती. मन्मथ धुसफुसत आडवा झाला. अप्पांनी त्याच्याच पिशवीतली कोरी सुई काढली आणि उशाशी बसले.

“मीट डोळे.”

मन्मथने डोळे मिटले. अप्पांनी सुई दंडात टोचली.

“अयाई गं! अप्पा, हे काय करलालाव?” प्रयोगशाळेची भाषा सुईसरशी पळाली.

“झोप का येत नाही ते शोधतोय. मीट डोळे.”

“अप्पा...”

“मीट म्हणतो ना!”

त्याने मिटले. पुन्हा सुई.

तिसऱ्यांदा मन्मथ डोळे घट्ट मिटून पडला. अंग ताठ, कपाळावर घाम. अप्पा नुसते जागचे हलले, त्यांच्या धोतराची सळसळ झाली, आणि तो ताडकन उठून बसला.

“सुई घेऊन उशाशी बसलात, तर झोप येणार कशी?” तो ओरडला.

शेवंती भिंतीला आणखी चिकटली.

अप्पांनी सुईच्या टोकावरचा लाल थेंब उजेडाकडे धरला. बराच वेळ निरखला...

“कारण यातच असणार,” ते म्हणाले. “नीज. अजून थोडं रक्त लागेल.”