गवताचा कावळा

कावळे माणसांचं बोलणं भलतंच मनावर घ्यायचे ना, तेव्हाची गोष्ट. घाटावर बापाचा पिंड ठेवून विश्राम ओरडला, "बाबा, आईला मी सांभाळतो! शिव रे कावळ्या!"

भुकेली कावळी झेपावणार, तोच थबकली. "काका, यानंच काल आईला घराबाहेर काढलं ना?"

"वचन दिलं की शिवायचं, नियम आहे," म्हातारा कावळा म्हणाला. "खरंखोटं कशाला बघतेस? पिंडावरचं तूप बघ!"

"मी शिवले की सगळे म्हणणार, बाप सुखी झाला. आणि म्हातारी रस्त्यावरच! नाही शिवणार."

वैतागून विश्रामनं दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि भात नदीत सोडला. मंडळी खूश!

"घाल आता नियमात चोच! गेलं ना जेवण?"

"गेलं तर गेलं," कावळी म्हणाली. "पण शिवला तो गवताचा होता, काका. मी नव्हते."