हौदाजवळचा खांब

"अजून काय बघायचं राहिलं, उस्ताद?"

रेवणसिद्धाने विचारलं नम्रपणे. पण मान ताठ होती. माळावरच्या नव्या लाइनीचे सगळे खांब त्याने तपासले होते. वाट चुकलेली वीज खांबातून उतरून मातीत जिरेल की नाही, हे सांगणारा आकडा प्रत्येक ठिकाणी चांगला आला होता. हबीब उस्तादांनी मान डोलावली की लाइन चालू होणार होती आणि उस्तादांचं मीटर रेवणच्या खांद्यावर येणार होतं.

उस्ताद गुरांच्या हौदाच्या कठड्यावर बसले होते. शेजारीच शेवटचा खांब. पलीकडे तानूबाई धनगरीण मेंढ्यांना पाणी पाजत होती. जुन्या लाइनीच्या खांबाला अंग घासताना तिची गाभण मेंढी जागीच गेली होती. नव्याची खात्री पटल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"हा आकडा कोणाचा?" उस्तादांनी विचारलं.

"या खांबाचा."

उस्तादांनी पाना पुढे केला आणि वर बोट दाखवलं. सगळ्या खांबांना एकमेकांशी बांधणारी, वीज नसलेली तार वरून गेली होती. लाइन बंद असल्याची पुन्हा खात्री करून रेवण चढला, त्या तारेशी खांबाचा असलेला जोड सोडवून उतरला. पुन्हा मोजलं.

काटा पार टोकाला गेला. एकट्या या खांबातून वीज मातीत जिरतच नव्हती.

"म्हंजी जेवले बाकीचे, आन् ढेकर दिला यानं," तानूबाई म्हणाली.

रेवणचे कान तापले. जोड तर कायमच राहणार, मग बिघडलं कुठे, असं तो पुटपुटला. ती तार एखाद्या वादळात तुटली तर, एवढंच उस्तादांनी विचारलं आणि ते मेंढ्यांकडे बघत बसले…

खांबाचा अर्थिंगचा खड्डा खडकावर येऊन थांबला होता. आत नुसता कोरडा मुरूम. रेवणने हौदातून बादली भरली. खड्ड्यात ओतली की, पाणी सुकेपर्यंत तरी, काटा खाली येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उस्तादांनी तोंड फिरवलं नाही, अडवलंही नाही.

बादली थोडा वेळ त्याच्या हातात राहिली…

मग त्याने ती मेंढ्यांपुढे ठेवली.

उताराला, जिथे उन्हाळ्यातही लव्हाळा हिरवा असतो, तिथली काळी माती त्याने उकरली. खोल खड्डा घेऊन त्यात नवा रॉड पुरला. तिथून खांबापर्यंत मुरूम फोडत चर काढला, रॉड खांबाला जोडणारी लोखंडी पट्टी अंथरली. तळहात सोलून निघाले. उन्हं कलताना त्याने मीटर लावलं.

काटा शांतपणे खाली आला आणि खालीच राहिला. एकट्या खांबाच्या बळावर.

तानूबाईने आपणहून मेंढ्या खांबाजवळून नेल्या. कुस्ती मारलेल्या पैलवानाने गदा घ्यावी तशी कुदळ खांद्यावर घेऊन रेवण उभा होता. लाइन आज चालू होणार नव्हती. बाकीचे खांबही आता एकेकटे मोजायचे होते. उस्ताद उठले आणि मीटरचा पट्टा त्यांनी त्याच्या दुसऱ्या खांद्यावर अडकवला. उद्यापासून तूच मोज, म्हणाले.

मग पाना त्याच्या हातात दिला आणि पुन्हा वर बोट दाखवलं.

रेवण हसला. "आता कशाला जोडायचं, उस्ताद? याला आता कोणाची गरज नाही."

उस्तादांनी माळावरच्या उघड्या खडकात उभ्या असलेल्या शेजारच्या खांबाकडे पाहिलं.

"याला नाही, बेटा. त्याला आहे."